पाकिटातली उसंत

या मननाला फार थोडं लागतं. बसायला जागा, टेकायला भिंत आणि वीसेक मिनिटं. तुम्ही सिगारेट ओढत असाल तर तेवढ्यापुरतं पाकीट आणि काडीपेटी दुसऱ्या खोलीत ठेवून या. कधीच ओढली नसेल तरी हरकत नाही. घरात, शेजारी, बसथांब्यावर ओढणारं कुणीतरी तुमच्या पाहण्यातलं असणारच. डोळे मिटून वाचता येत नाही, म्हणून जिथे 'थांबा' म्हटलं आहे तिथे दोन-तीन श्वासांपुरते डोळे मिटा, मग पुढे या.

मनासमोर धरायची वस्तू साधी आहे: बिनफिल्टरच्या चारमिनार सिगारेटींचं दहाचं पाकीट. आता ते ठेल्यावर मागून मिळत नाही. ज्या वस्तूपायी माणसं आजारी पडली, गेली, तिची आठवण कशाला काढायची, असा प्रश्न तुम्हाला पडला असेल तर तो सोडू नका. सोबत असू द्या. त्याचं काम पुढे आहे.

पाठ सरळ करा. खांदे सैल सोडा. थांबा.

आता गुडीहत्नूर मनात आणा. आदिलाबादहून हैदराबादकडे निघालं की लागणारं हे मंडलाचं गाव. श्रीनगरहून कन्याकुमारीला जाणारा ४४ क्रमांकाचा महामार्ग इथून जातो. पूर्वी हा सात नंबरचा रस्ता होता. इथूनच एक फाटा इंद्रवेल्ली, उटनूरच्या डोंगरांकडे वळतो. पौषातल्या अमावास्येला केसलापूरला नागोबाची जत्रा भरते, तेव्हा आदिलाबादेकडून येणारी माणसं याच फाट्यानं जातात. आजूबाजूला काळी जमीन, कापूस, तूर, सोयाबीन. उत्तरेला पैनगंगा आणि तिच्यापलीकडे यवतमाळ जिल्हा. कुणाच्या घरात मराठी, कुणाच्या घरात तेलुगू, गोंडी, बंजारा बोली. आणि रस्त्यावर सगळ्यांची मिळून दखनी.

फाट्यावर एक पानठेला उभा करा. खरा कुठला आठवायची गरज नाही, मनातला पुरे. लाकडी खोकं, चुन्याची डबी, ओल्या फडक्यात गुंडाळलेली पानं, खांबाला लोंबणारी सुतळी आणि तिचं धुमसतं टोक. दिवस दिवाळीनंतरचे, वेचणीचे. एक माणूस येतो, खिसा चाचपतो, चिल्लर फळीवर ठेवतो. त्याला काय हवं ते ठेलेवाल्याला ठाऊक आहे, म्हणून दोघंही बोलत नाहीत. या माणसाला तुमच्या ओळखीतला एखादा चेहरा द्या. वडील असतील, मामा असतील, शाळेतले मास्तर असतील, शेतावरचा सालगडी असेल.

त्याला तिथेच उभा राहू द्या. त्यालाही घाई नाही. थांबा.

पाकिटावर चित्र आहे, चारमिनारचं. मुहम्मद कुली कुतुबशाहनं ही इमारत १५९१ साली उभारली. पुढे आसफजाही निजामांच्या अमलात ती रुपयावर आली. निजामाच्या राज्याचं चलन वेगळं होतं, हाली सिक्का. इंग्रजी मुलखातल्या रुपयाला लोक कलदार म्हणत, आणि सात हालींना सहा कलदार असा ढोबळ हिशेब चाले. त्या हाली रुपयावर चारमिनार होता. म्हणजे पाकीट निघायच्या आधीच हे चित्र इथल्या माणसाच्या कनवटीला लागलेलं होतं.

१९३० च्या नोव्हेंबरात वजीर सुल्तान टोबॅको ही कंपनी हैदराबाद संस्थानच्या कंपनी कायद्याखाली नोंदली गेली. त्या कायद्यावर साल होतं फसली कालगणनेतलं, १३२०. कारखाना हैदराबादेतल्या आझमाबादला, आणि चारमिनार ही तिची सर्वांत नावाजलेली सिगारेट.

चित्र तसंच ठेवा आणि त्याच्या भोवतीचं एकेक काढून घ्या. सप्टेंबर १९४८ मध्ये संस्थान भारतात आलं. निजामाची सत्ता संपली. काही वर्षांनी हाली सिक्का गेला. १ नोव्हेंबर १९५६ ला हैदराबाद राज्याचेच तीन वाटे झाले. मराठवाडा मुंबई राज्यात, कानडी जिल्हे म्हैसुरात, तेलंगण आंध्र प्रदेशात. आदिलाबाद जिल्ह्यातले किनवट आणि राजुरा हे तालुके मुंबई राज्याकडे गेले, गुडीहत्नूर होतं तिथेच राहिलं. ज्यांच्यात सोयरिकी होत्या, ती घरं दोन राज्यांत पडली. १९८३ साली कंपनीनंही नाव बदलून व्हीएसटी इंडस्ट्रीज असं केलं. २०१४ मध्ये तेलंगण वेगळं झालं आणि २०१६ मध्ये आदिलाबाद जिल्ह्याचे चार जिल्हे झाले, तेव्हा पाकीटही उरलं नव्हतं. पण तोवर, राजा आणि नाणं आणि राज्य गेल्यावरही, किनवटच्या खिशात आणि गुडीहत्नूरच्या खिशात तेच चित्र होतं.

दूरवरच्या खिशांतही होतं. कोलकात्यातल्या वाचकाला चारमिनार म्हटलं की सत्यजित राय यांचा फेलूदा आठवतो. १९६५ पासून लिहिल्या गेलेल्या कथांमधला हा गुप्तहेर चारमिनारच ओढतो. तिथल्या कितीतरी मुलांनी हे नाव आधी सिगारेटचं म्हणून ऐकलं असेल आणि इमारतीचं नंतर.

इथे स्वतःला विचारा: माझं गाव, माझा जिल्हा, माझं राज्य असं मी म्हणतो, त्यातलं कागदावरचं किती आणि अंगवळणी पडलेलं किती? उत्तर लगेच द्यायचं नाही. प्रश्न नुसता समोर ठेवून बसा. थांबा.

आता पाकीट उघडा. आत चांदी आहे. ती अलगद बाहेर काढा, मांडीवर ठेवून नखानं सरळ करा. लहानपणी हे केलं असेल तर बोटांना अजून आठवत असेल. रिकाम्या पाकिटाला त्या काळी पुष्कळ कामं होती. आतल्या कोऱ्या बाजूवर आडत्याकडे झालेलं कापसाचं वजन लिहिलं जाई, उसनवारीचा आकडा, डॉक्टरांनी सांगितलेल्या गोळीचं नाव, लग्नात भेटलेल्या पाहुण्याचा पत्ता. मुलं पाकिटांच्या दर्शनी बाजू फाडून पत्त्यांसारख्या जमवत आणि त्यावर डाव लावत. क्वचित सापडणाऱ्या शहरी पाकिटाला मोठा भाव, आणि जे रस्त्याकडेला कुठेही पडलेलं असे त्याला अगदीच थोडा.

जे सगळीकडे असतं ते कुणी जपून ठेवत नाही. म्हणून ते गेल्यावर दाखवायलाही हाताशी राहत नाही. तुमच्या घरात आज अशी एखादी वस्तू असेल, रोज हातात येणारी आणि कधीच न पाहिलेली. एकच निवडा. तिचा आकार, तिचा वास, तिचा झिजलेला कोपरा आठवा. थांबा.

आता सिगारेट. दोन्ही टोकं सारखी. कुठलं ओठांत धरायचं ते ओढणाऱ्यानं ठरवायचं. तंबाखूचे कण जिभेवर येत, म्हणून ओढणारा मधूनच थुंकायचा. वास उग्र, गोधडीतसुद्धा मुरणारा. अर्धी ओढून विझवायची, उरलेली कानामागे खोचायची. थोरल्यांची चाहूल लागली की जळती मुठीत लपवायची. ठेल्यावर एकाची शिलगावली की त्याच विस्तवावर दुसऱ्याची, आणि तेवढ्या जवळिकीत भावाची, पावसाची, पोरीच्या लग्नाची चौकशी.

तिच्यावरच्या पायरीला फिल्टरची सिगारेट होती आणि खालच्या पायरीला बिडी. बिडीकडे जरा नीट पाहू, कारण ती याच मुलखातल्या रानातून निघते. उन्हाळ्यात आदिलाबादच्या जंगलात तेंदूची पानं तोडतात, जुड्या बांधतात, उन्हात वाळवतात. निर्मल, निजामाबादकडच्या गावांत बायका ओट्यावर बसून, मांडीवर सूप घेऊन बिड्या वळतात. तेलंगण सरकार बिडी कामगारांना निवृत्तिवेतन देतं. २०१९ मध्ये ते महिना २,०१६ रुपये झालं. ओढणारा ठेल्याशी उभा आहे आणि वळणारी ओट्यावर बसली आहे. वरवर पाहिलं तर आरामात तीच बसलेली वाटेल. हे चित्र बाजूला काढून ठेवा. पुन्हा लागणार आहे.

आता त्या माणसाकडे या. तो सुतळीच्या टोकाला सिगारेट लावतो. पहिला झुरका. त्याची छाती भरते, खांदे किंचित वर जातात, मग सगळं अंग सैल पडतं. तुम्हीही त्याच्यासोबत श्वास घ्या, नुसत्या हवेचा. चार अंक मोजेपर्यंत आत. क्षणभर धरा. सहा अंक मोजेपर्यंत सावकाश बाहेर. असं पाच वेळा करा. थांबा.

यात धूर नव्हता, तरी अंग सैल पडलंच. दिवसभर ओणवं राहिलेल्या माणसानं एवढा लांब श्वास सकाळपासून घेतलेला नसतो. सिगारेट त्याला तो घ्यायला लावी. तिनं जे बरं वाटे त्यात काही वाटा या श्वासाचा होता, काही पाठ सरळ करून उभं राहण्याचा, काही शेजारच्याच्या बोलण्याचा. उरलेला वाटा निकोटिनचा, आणि तो मात्र डोळे उघडे ठेवून पाहायला हवा.

धूर फुप्फुसांत गेला की दहा-वीस सेकंदांत निकोटिन मेंदूपर्यंत पोचतं. मग साधारण दोन तासांत रक्तातलं त्याचं प्रमाण निम्म्यावर येतं. ते उतरू लागलं की चुळबुळ सुरू होते, चिडचिड होते, हात आपोआप खिशाकडे जातो. पुढची सिगारेट जी तगमग शमवते, ती बरीचशी मागच्या सिगारेटीनंच लावलेली असते. धुरात कार्बन मोनॉक्साइडही असतो. तो रक्तातल्या हिमोग्लोबिनला ऑक्सिजनपेक्षा दोनशे पटींहून अधिक घट्ट धरून बसतो. एवढा लांब श्वास घेऊनही त्यातला प्राणवायू पुरता अंगी लागत नाही. फिल्टर लावल्यानं या व्यवहारातून सुटका होत नाही. भारतात तंबाखूपायी दर वर्षी अंदाजे साडेतेरा लाख माणसं मरतात.

सुरुवातीला सोबत घेतलेल्या प्रश्नाला आता पुढे बोलवा. ठेल्याशी उभ्या असलेल्या माणसाला तुम्ही ओळखीचा चेहरा दिला होता. त्याची पहाटेची खोकल्याची उबळ आठवत असेल तर ती ऐका. चार पायऱ्या चढताना लागलेली धाप, उशाशी ठेवलेलं थुंकीचं भांडं, दवाखान्याच्या फाइलीतला एक्स-रे, जे असेल ते येऊ द्या. आठवण गोड करण्याच्या नादात हा भाग गाळला, तर पाकीट आठवेल आणि माणूस सुटेल. राग आला तर येऊ द्या. श्वास तेवढा चालू ठेवा. थांबा.

एवढी रुळलेली सिगारेट गेली कशी? पाकिटावर इशारा छापायचा कायदा १९७५ साली झाला, तो तिनं पचवला. २००३ च्या तंबाखू कायद्यानं जाहिराती गेल्या, त्याही तिनं पचवल्या. ती तगून राहिली ती स्वस्त होती म्हणून, आणि स्वस्ताईचं एक मोठं कारण करात होतं. बिनफिल्टर सिगारेटीवरचा अबकारी कर फिल्टरच्या मानानं फार कमी होता. २९ फेब्रुवारी २००८ च्या अर्थसंकल्पात अर्थमंत्री पी. चिदंबरम यांनी ही सूट काढून घेतली. ६० मिलिमीटरपर्यंतच्या बिनफिल्टर सिगारेटींवरचा कर हजारी १६८ रुपयांवरून ८१९ वर गेला. ६० ते ७० मिलिमीटरच्यांवरचा ५४६ वरून १,३२३ वर. फिल्टर आणि बिनफिल्टर कराच्या एकाच पायरीवर आल्यावर बिनफिल्टर काढण्यात कंपन्यांना फारसं काही उरलं नाही, आणि तो मालच बाजारातून ओसरला. चारमिनार हे नाव फिल्टरच्या पाकिटांवर पुढे चाललं, पण दोन्ही टोकं सारखी असलेली ती सिगारेट गेली. त्याच वर्षी २ ऑक्टोबरला सार्वजनिक जागी ओढण्यावरची बंदी कडक नियमांसह देशभर लागू झाली.

ठेल्यावर याची दवंडी कोण पिटणार? एखाद्या आठवड्यात माल आला नसेल, पुढच्या आठवड्यातही आला नसेल, मग ठेलेवाल्यानं दुसरंच पाकीट पुढे केलं असेल. कुणी ते घेतलं असेल, कुणी बिडीकडे वळला असेल, कुणी त्या निमित्तानं सोडली असेल. संस्थान बुडालं तेव्हा जे टिकलं, राज्याचे तुकडे झाले तेव्हाही जे टिकलं, ते हजारी ६५१ रुपयांच्या फरकानं गेलं.

हे वाचताना मनात काय आलं ते पाहा. हळहळ आली? सुटल्यासारखं वाटलं? दोन्ही एकाच वेळी येऊ शकतं. एकीला खरी ठरवून दुसरीला घालवून द्यायची गरज नाही. दोघींना बसायला जागा द्या. थांबा.

पाकीट आता रिकामं आहे. चित्र पाहून झालं, चांदी काढून झाली, सिगारेट जळून गेली, धूर विरला. त्या माणसाचा रिकामा हात पाहा आणि त्याला काय हवं होतं ते त्या हाताला विचारा.

त्याला पाच-सात मिनिटं हवी होती, ज्यात कुणी हाक मारणार नाही. मुकादमानं पाहिलं तरी तो ओरडत नसे, घरचे काम सांगत नसत, कारण तो सिगारेट ओढत होता आणि एवढं कारण सर्वांना पुरे. नुसताच उभा राहिलेला माणूस आपल्याकडे रिकामटेकडा ठरतो. तोच हातात सिगारेट घेऊन उभा असला की दमलेला ठरतो. त्या पिवळ्या पाकिटातून तंबाखूसोबत उसंत विकली जात होती. पैसे फळीवर मोजले जात, आणि उरलेली किंमत छातीतून फेडली जाई.

आता ठेल्यावरून नजर उचला आणि रस्त्यापलीकडच्या शेतात न्या. कापूस वेचणाऱ्यांत बायकाच जास्त. त्यांचीही कंबर सकाळपासून वाकलेलीच, बोटं बोंडांच्या टोकदार सालींनी ओरखडलेली, कमरेला वेचलेल्या कापसाचं ओझं. ठेल्याशी त्यांच्यातली एकही नाही. पाच मिनिटं उभं राहायला त्यांच्यापाशी कारण कोणतं होतं? घोटभर पाणी, लेकराला पाजणं. त्यातलंही दुसरं कारण पुन्हा कामच. आणि मघाशी बाजूला ठेवलेलं चित्र आता जवळ घ्या. ओट्यावर बिडी वळणाऱ्या बाईला मजुरी मिळते हजार बिड्यांमागे. दुसऱ्यांच्या हजार उसंती वळून झाल्या की तिच्या हाती दिवसाचे पैसे येतात. तिची उसंत त्या सुपात नसते.

ठेल्याच्या, धुराच्या, मित्रांच्या आठवणी रंगवून सांगणारे बहुतेक पुरुषच का, हे आता वेगळं सांगायला नको. त्या आठवणी खोट्या नाहीत, अर्ध्या गावाच्या आहेत. गेलेल्या सिगारेटीची हुरहूर वाटते ती बरीचशी या मान्य केलेल्या विसाव्याची हुरहूर असते. आणि तो विसावा तेव्हाही सर्वांना वाटून दिलेला नव्हता. हे मनात उतरू द्या. घाई करू नका. थांबा.

मननाचा उरलेला भाग बसून होणारा नाही. आधी एक लांब श्वास, मघासारखाच, चार आत आणि सहा बाहेर. मग उठा.

तुम्ही ओढत असाल तर पुढच्या वेळी तल्लफ येईल तेव्हा काम सोडून बाहेर जाच. विसाव्याचा हक्क सोडू नका. ठेल्याच्या बाजूला मात्र जाऊ नका. झाडाखाली उभे राहा आणि तेच मोजलेले श्वास घ्या. तल्लफेची लाट सहसा काही मिनिटांत ओसरते. एकट्यानं जमत नसेल तर १८००-११-२३५६ ही देशभरासाठीची विनामूल्य मदतवाहिनी आहे. सिगारेट सोडल्यावर वर्षभरात हृदयविकाराचा वाढलेला धोका जवळजवळ निम्म्यावर येतो, तेव्हा उशीर झाला असं मानून बसू नका.

तुम्ही ओढत नसाल तर घरात किंवा कामाच्या जागी पाहा. सकाळपासून एकदाही रिकाम्या हातानं उभी न राहिलेली एक बाई तुम्हाला सापडेल, फार शोधावं लागणार नाही. उद्या दुपारी तिच्या हातातलं काम दहा मिनिटांसाठी तुमच्या हातात घ्या. ते तिच्यासारखं जमणार नाही, तरी घ्या. ती अंगणात जाईल, ओट्यावर बसेल, नुसती रस्त्याकडे पाहत राहील. काय करतेस, असं विचारू नका.